साठ घरांचं फराळाचं आमंत्रण, सहाशे रुपयांत

प्रश्न थोडक्यात: मुंबईच्या एका उपनगरातल्या वाचक लिहितात, ‘भाऊबीजेनंतरच्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही फराळाला बोलावतो. बरीच वर्षं चालत आलेला कार्यक्रम आहे. यादी साठ घरांची: सोसायटीतली ३४, शहरातले नातेवाईक १४, ऑफिसातले ७ आणि गावाकडचे ५. दरवर्षी छापील पत्रिका वाटतो. यंदा ह्यांची नोकरी गेलीय. घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललंय आणि हे आम्ही अजून कुणाला सांगितलेलं नाही. छापखान्यानं कमीत कमी १०० पत्रिकांचे ४,००० रुपये सांगितले. मी पत्रिकांवर फार तर ६०० घालू शकते. सासूबाई म्हणतात, मोबाईलवरचं बोलावणं म्हणजे बोलावणंच नव्हे. मुलगी म्हणते, व्हॉट्सॲपवर टाक, फुकटात काम. मागच्या वर्षी जाऊबाईंनी पत्रिकेसोबत काजूकतलीचा डबा दिला होता. घरी पत्रिका केल्या तर त्या घरी केलेल्या दिसणार, आणि मग लोकांना सगळं कळणार. काय करू?’

ताई, सहाशे रुपये पुरतील. नीट आखलंत तर निम्मे उरतीलसुद्धा. म्हणून पैशाचं जरा बाजूला ठेवू आणि तुमच्या पत्रात तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत, त्या आधी पाहू.

पहिली अशी की चार हजारांची पत्रिका म्हणजे चांगली पत्रिका. छापखान्यानं सांगितलेला भाव तुमच्या संख्येचा आहे, देखणेपणाशी त्याचा फारसा संबंध नाही. ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट काढावी लागते, ती मशीनवर चढवावी लागते, रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो. हा खर्च १०० पत्रिकांना जेवढा, जवळजवळ तेवढाच ५०० पत्रिकांना. लग्नघरात तो पाचशेंवर वाटला जातो, तुमच्याकडे साठांवर. तेव्हा ‘आम्हाला परवडत नाही’ असं मनाशी म्हणू नका. एवढ्या थोड्या पत्रिकांसाठी ऑफसेट ही रीतच चुकीची आहे, हातात पैसा असता तरीही.

दुसरी अशी की घरी केलेली पत्रिका पाहिली की लोकांना घरची ओढाताण दिसते. घरी केलेली पत्रिका केविलवाणी दिसते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं: तिच्यावर फार काही केलेलं असतं. लेस, टिकल्या, चकमकी, सोनेरी कडा, चार रंगांची पेनं. त्यातली एकेक वस्तू चांगली असते, पण सगळ्या मिळून शाळेच्या हस्तकला-वहीचं पान तयार होतं. शिवाय हेच सामान महागात जातं. पत्रिकेमागे पाच रुपयांची एक वस्तू वाढवली की ४८ पत्रिकांना २४० रुपये. पत्रिकेमागे एका मिनिटाचं काम वाढवलं की पाऊण तास. ‘घरी करू म्हणजे स्वस्तात पडेल’ म्हणून सुरू केलेलं काम स्टेशनरीच्या दुकानात हजारावर जातं ते असं. एक कागद, झेरॉक्सची एक काळी छपाई आणि हाताचं एकच काम, एवढ्यावर थांबलेली पत्रिका नेटकी दिसते. ती पैसे नव्हते म्हणून साधी आहे की आवड म्हणून, हे कुणालाही सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट जरा नाजूक. खर्च पत्रिकेत आहे असं तुम्ही धरलंय. तो गच्चीवर आहे. साठ घरं, घरटी अडीच माणसं धरली तरी दीडशे पानं. माणशी शंभर ग्रॅम फराळ म्हटलं तरी पंधरा किलो, वर दूध-चहा. तूप, रवा, काजू यांचे भाव तुम्हाला माझ्याहून ठाऊक. पत्रिकेत तीन हजार वाचवून फराळात त्याच्या कितीतरी पट घालायचे असतील तर प्रश्न सुटला नाही, फक्त नजरेआड झाला. म्हणून कागदाला हात लावण्याआधी कार्यक्रमाचं ठरवा.

आहे तसाच करायचा असेल तर हिशोब घरात दोघांनी बसून मांडा, ‘दरवर्षी करतो म्हणून’ नको. यादी कापायची असेल तर ऑफिसची सात घरं सहज गळतात, त्यांना ऑफिसात डबा नेता येतो. पण सोसायटीतली ३४ घरं एकतर सगळी बोलवायची, नाहीतर कुणीच नाही. एका मजल्याला बोलावून दुसऱ्याला वगळलं तर पुढची चार वर्षं लिफ्टमध्ये अवघड होईल.

तिसरा मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो: अंगतपंगत. भाऊबीज झाली की घरोघरी डबे भरलेले असतात, चकल्या मऊ पडायला लागलेल्या असतात आणि चिवडा संपवायला कुणी मिळत नाही. अशा वेळी ‘तुमच्या घरचं थोडं घेऊन या, आमच्या घरचं चाखा’ म्हणणं अगदी रास्त आहे. त्यामागे दुसरं कारण असेल अशी शंका कुणाला यायचंही कारण नाही. सोसायटीतल्या ३४ घरांनी पाव-पाव किलो आणलं तर साडेआठ किलो होतं, म्हणजे निम्म्याहून अधिक. उरलेलं साडेसहा किलो आणि मसाला दूध तुमच्याकडून. नातेवाइकांना मात्र काही आणायला सांगू नका. ते लांबून येणार, आणि सासूबाईंना ते पटणारही नाही. सोसायटीपुरतं त्यांना पटवता येईल, विशेषतः कार्यक्रमाचं नाव त्यांनाच ठरवायला दिलंत तर.

एकच काळजी घ्या. ‘काहीतरी आणा’ असं मोघम सांगितलंत तर पंचवीस डबे चिवड्याचे येतात. कुणी काय आणायचं ते पत्रिकेवरच हातानं लिहा: पहिला मजला चकली-कडबोळी, दुसरा शंकरपाळी, तिसरा लाडू, चौथा चिवडा-शेव. ज्यांच्याकडे यंदा फराळ केलेला नाही (घरात कुणी गेलेलं असेल, सुतक असेल) त्यांच्या आणि नातेवाइकांच्या पत्रिकेवर ती ओळ कोरी सोडा. आणि शनिवार आहे म्हणून आठवण करते: पुष्कळजणांचा उपास असतो. एका मजल्याला राजगिऱ्याचे लाडू आणि उपासाचा चिवडा सांगितलात तर ती मंडळी नुसती बसून राहणार नाहीत. हेच बोलावणं पुढे ढकलून तुळशीच्या लग्नाच्या सुमारास करणाऱ्यांनी कार्तिकी एकादशी टाळावी, नाहीतर निम्मी गच्ची उपाशी.

आता यादी. सासूबाई आणि तुमची मुलगी, दोघींचंही बरोबर आहे, फक्त वेगवेगळ्या माणसांसाठी. सोसायटी आणि शहरातले नातेवाईक मिळून ४८ घरं. त्यांना हातात पत्रिका. ऑफिसची ७ व्हॉट्सॲपवर. गावाकडच्या ५ घरांना पोस्टकार्ड. आणि ४८ हा आकडा सोयीचा आहे: एका ए-फोर कागदात चार पत्रिका बसतात, म्हणजे बारा कागद. दोन जास्त घ्या, चौदा. छप्पन्न पत्रिका होतील. आठ बिघडायला आणि विसरलेल्यांसाठी.

ए-फोर कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटर असतो. त्याचे चार भाग केले की १०५ गुणिले १४८ची पत्रिका मिळते, तळहाताहून थोडी मोठी. घडीची करू नका. घडीच्या पत्रिकेला दुप्पट कागद लागतो, जाड कागदाची घडी फाटल्यासारखी दिसते आणि घडीवर छपाई आली तर तिथली झेरॉक्सची काळी पूड सुटून पांढरी रेघ उमटते. तरीही कुणाला घडी हवीच असेल तर आधी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूनं तो मुकाट्यानं वाकतो, त्या दिशेला घडी घालावी. उलट्या दिशेनं घातली की कड भेगाळते. घडीच्या जागी पट्टी धरून शाई संपलेल्या रिफिलीनं एकदा दाबून रेघ ओढावी आणि मग दुमडावं.

कागद मॅट घ्या, चकचकीत नको. चकचकीत कागदावर जेल पेनची शाई वाळत नाही, बोट लागलं की फराटा. जाडी २०० ते २२० जीएसएम. हा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा रोजचा कागद ७०-८०चा असतो, तो हातात लुळा पडतो. २५०च्या वरचा पुष्कळशा मशीनमध्ये अडकतो. जाड कागद बहुधा बाजूच्या ट्रेमधून एकेक घालावा लागतो, म्हणून सगळे चौदा विकत घेण्याआधी एक नेऊन दुकानदाराला दाखवा आणि एक प्रत काढून पाहा. रंग फिकट: साय, फिकट केशरी, लिंबाचा पिवळा. मरून किंवा गर्द जांभळा कागद दुकानात सुंदर दिसतो, पण त्यावर काळी अक्षरं गच्चीवरच्या दिव्यात कुणालाही वाचता येत नाहीत, सत्तरीच्या मावशींना तर नाहीच.

हातकागदाचा मोह होतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे आणि तिथला कागद हातात घेतला की सोडवत नाही. पण खरबरीत कागदावर झेरॉक्सची पूड सगळीकडे सारखी बसत नाही, खळग्यांत अक्षर तुटतं आणि चोळलं की निघतं. हातकागद पेनानं लिहायला आणि ठसे मारायला. तुमच्या ४८ पत्रिकांना तो नको.

मजकुरासाठी संगणक लागतच नाही. तुमच्या घरात एक मोठी सोय आहे आणि तिचा पत्रात उल्लेख फक्त तक्रार म्हणून आलाय: सासूबाई. त्यांच्या पिढीत पाटीवर गिरवून घोटलेलं अक्षर असतं. पत्रिका त्यांच्या हाताची होऊ द्या. त्यांना ४८ वेळा लिहायचं नाही, एकदाच.

त्याची रीत अशी. ए-फोरचा पांढरा कागद मधोमध कापून अर्धा घ्या, म्हणजे ए-फाइव्ह. खाली जाड रेघांचा कागद ठेवा, म्हणजे शिरोरेषा सरळ राहते. पेन काळंच हवं, ०.७ किंवा त्याहून जाड टोकाचं जेल पेन. निळी शाई झेरॉक्सवर फिकी येते, बॉलपेनची रेघ तुटक दिसते. अक्षर सात-आठ मिलिमीटर उंच, ओळींत चांगली मोकळीक, कारण आपल्या वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात. चारही बाजूंना दीड सेंटीमीटर जागा कोरी. मग दुकानात ७१ टक्के करून त्याच्या चार प्रती काढा. ए-फाइव्हचं नेमकं ए-सिक्स होतं, म्हणजे तुमच्या पत्रिकेचं माप. लहान करण्याचा खरा फायदा वेगळाच आहे: हाताचं थरथरणं आणि अक्षरातला उन्नीस-बीस आक्रसतो आणि लिखाण घोटीव दिसायला लागतं. म्हाताऱ्या हातानं लिहिलेला मजकूर असा लहान केला की फार छान दिसतो.

चार प्रती एका ए-फोरवर ग्लूस्टिकनं चिकटवा. फेव्हिकॉलनं नको, त्यातल्या पाण्यानं पातळ कागद फुगतो आणि मशीनमध्ये सुरकुतीची सावली येते. चिकटवलेल्या कडांचीही बारीक काळी रेघ उमटते. त्यावर व्हाइटनर फिरवा किंवा दुकानदाराला छपाई एक घर फिकी ठेवायला सांगा. ही तुमची मूळ प्रत. तिच्यावरून चौदा रंगीत कागदांवर काळी, एका बाजूची छपाई.

पत्रिकेभोवती चौकट काढू नका, कितीही आग्रह झाला तरी. छपाईत कागद एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे सरकतोच. चौकट नसली तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. चौकट असली की एका बाजूला जागा जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि सगळी पत्रिका वाकडी कापल्यासारखी दिसते. घरगुती पत्रिकांचं सगळ्यात जास्त वाटोळं या चौकटीनं होतं.

कापायचं काम बाइंडिंगवाल्याकडे द्या, चौदा कागदांचा गठ्ठा त्याच्या कटरखाली दोन घावांत होतो. घरी कापायचं तर लोखंडी पट्टी, नवं पातं आणि खाली जाड पुठ्ठा. एका वेळी एकच कागद, आणि जोर लावून एकदा कापण्यापेक्षा हलक्या हातानं तीनदा. प्लॅस्टिकची पट्टी घेतलीत तर पातं पट्टीतच घुसतं.

कुणाकडे अक्षर बरं नसेल आणि संगणकावरच करायचं असेल तर फाइल पीडीएफ करूनच दुकानात न्यावी. वर्डची फाइल दुकानातल्या संगणकावर उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला तर जोडाक्षरं फुटतात, ‘श्री’चा श आणि री वेगळे होतात. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर छपाईत अक्षरांच्या कडा फाटतात. फॉन्टपैकी ‘मुक्त’ आणि ‘बालू’ फुकट मिळतात आणि स्वच्छ वाचले जातात. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर ‘तिरो देवनागरी मराठी’ हा फॉन्ट.

आता मजकूर. हा नमुना, सासूबाईंना हवा तसा बदलू द्या:

॥ श्री ॥
सप्रेम नमस्कार,
दिवाळी झाली, डबे अजून भरलेले आहेत.
या, एकत्र बसून रिकामे करू.
शनिवार, दि. ________
संध्याकाळी ५.३० ते ८
सोसायटीची गच्ची (पाऊस आल्यास खालचा हॉल)
फराळ, मसाला दूध आणि गप्पा
तुमच्या घरून: ________
भेटवस्तू आणू नये. सहकुटुंब यावे.
आपले, ________ परिवार

यात चार गोष्टी मुद्दाम आहेत. वेळ ‘पासून-पर्यंत’ दिली आहे. नुसतं ‘६ वाजता’ लिहिलं की दीडशे माणसं एकदम येतात, नाहीतर साडेआठला येतात. आठ ही अखेरची वेळ यासाठी की आठ-साडेआठच्या बोलावण्याला लोक जेवायला येतात. पदार्थांची ओळही त्यासाठीच. फराळ आहे हे कळलं की घरी भात लावून येतात. पावसाचा कंस ठेवाच, त्या दिवसांत अवेळी सर येते आणि मग साठ घरांचे फोन तुमच्याकडे. भेटवस्तूची ओळ अंगतपंगतीच्या ओळीखाली हवी, म्हणजे डबा आणायचा आणि बाकी काही नाही हे एका नजरेत कळतं. सासूबाईंनी ‘आग्रहाचे निमंत्रण’ वाढवलं तर वाढवू द्या. ‘साधंसंच आहे, गोड मानून घ्या’ असं मात्र लिहू देऊ नका. तुम्ही माफी मागितली की वाचणारा माफीचं कारण शोधायला लागतो.

छपाईआधी एकदा मोठ्यानं वाचा, आणि वाचणारी व्यक्ती लिहिणारी नको. वार आणि तारीख कॅलेंडरसमोर धरून जुळवा. पत्रिकांत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण तारीख मागच्या वर्षीच्या पत्रिकेवरून उतरवलेली असते. ‘दीपावली’ लिहिणार असाल तर दी दीर्घ, ‘दिवाळी’ लिहिणार असाल तर दि ऱ्हस्व. या दोघांची हमखास अदलाबदल होते.

हाताचं एकच काम म्हटलं ते पणतीचं. मुलीला सांगून मजकुराखाली डाव्या कोपऱ्यात काळ्या रेघेची पणती काढून घ्या, ज्योत न काढता. ज्योतीची जागा कोरी. कागद कापून झाले की केशरी पोस्टर कलर एका बशीत घ्या. पाणी घालायचंच तर दोन-चार थेंब, दह्याइतका दाट राहू द्या. करंगळीचं टोक त्यात बुडवायचं, आधी वर्तमानपत्रावर एकदा टेकवायचं आणि मग पणतीवर उभं दाबून सरळ उचलायचं. ठसा खाली रुंद, वर निमुळता येतो, बोटाच्या रेषा त्यात दिसतात. रंग पातळ झाला तर रेषा जातात आणि नुसता डाग पडतो. वर्तमानपत्रावर टेकवलं नाही तर पहिल्या ठशाला रंगाची गोळी येते आणि ती वाळायला तासभर घेते. ज्योत कोऱ्या कागदावरच यायला हवी, कारण छपाईच्या काळ्या पुडीवर पाण्याचा रंग धरत नाही, नंतर खपली निघते. ४८ ज्योती वीस-पंचवीस मिनिटांत होतात. पत्रिका एकमेकींवर न ठेवता अर्धा तास पसरून ठेवा. आज्जी, आई, मुलगी, तिघींनी वाटून घेतलं तर तीन मापांच्या ज्योती होतील, आणि ते छानच दिसेल.

बटाट्याचे आणि भेंडीचे ठसे लोक सुचवतील. करता येतात, पण कटकट आहे. कापलेल्या बटाट्याला पाणी सुटतं आणि रंग पातळ होतो, म्हणून कापून पंधरा मिनिटं वर्तमानपत्रावर पालथा ठेवावा लागतो. भेंडीचं फूल सुरेख उमटतं, पण तिच्या चिकटपणामुळे पाकळ्यांच्या मधल्या जागा बुजतात आणि दर दहा-बारा ठशांनी नवी चकती कापावी लागते. हे पाच-दहा पत्रिकांना ठीक. चकमक कुठेच नको, ती झडते आणि शेवटी फराळाच्या ताटात जाते. पत्रिकेच्या कोपऱ्याला ओलं कुंकूही लावू नका, गठ्ठ्यात ते पुढच्या पत्रिकेच्या पाठीला उमटतं.

पाकीट लागत नाही, कारण पत्रिका हातात द्यायची आहे. नाव मागच्या कोऱ्या बाजूला. ‘अमुक परिवार’ लिहून मोकळं होऊ नका, घरातल्या माणसांची नावं लिहा. म्हातारी आई घरात असेल तर तिचं पहिलं, मुलांची शेवटी. ४८ घरांना हे लिहायला दीड तास लागेल, आणि एवढा वेळ इथेच घालवण्यासारखा आहे. पत्रिका हातात आली की माणूस आधी स्वतःचं नाव बघतो, मग वेळ. कागदाच्या जाडीपर्यंत फारसं कुणी जात नाही.

भाव जागोजाग वेगळे असतात, पण हिशोब असा मांडा. कार्डपेपर ८ रुपयांना एक धरला तर चौदाचे ११२. त्यावरची छपाई ५ रुपयांनी ७०. मूळ प्रतीच्या चार झेरॉक्स १०. कापायचे ३०. जेल पेन आणि रंगाची बाटली ५०. पाच पोस्टकार्डं अडीच रुपये. सगळे मिळून पावणेतीनशे. तुमच्याकडे भाव दीडपट निघाले तरी सहाशेच्या खूप आत आहात. उरलेल्या पैशाचं पत्रिकेवर आणखी काही करू नका, ते तुपात घाला.

पोस्टकार्ड हे सगळ्यात स्वस्त आमंत्रण आहे आणि लोक ते विसरलेत. १८७९ पासून ते आपल्याकडे चालू आहे आणि आजही साधं कार्ड पन्नास पैशांत मिळतं. मात्र त्यावर मजकूर हातानं लिहिलेला हवा. छापील मजकुराच्या कार्डाचा दर वेगळा आणि बराच जास्त, म्हणून तुमची झेरॉक्स त्यावर काढायला जाऊ नका. वर काही चिकटवूही नका. चौदा बाय नऊ सेंटीमीटरमध्ये तुमचा सगळा मजकूर बसतो, वर ज्योतीचा ठसा. दिवाळीआधी टपाल तुंबतं, तेव्हा तीन आठवडे आधी पेटीत टाका आणि पिनकोड सहाही आकडे तपासून लिहा. गावाकडच्या पाच घरांतले कितीजण येतील कोण जाणे. पण कार्ड पोचलं की बोलावणं पोचलं.

ऑफिसच्या सातजणांना पत्रिकेचाच फोटो पाठवा, खिडकीपाशी दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून काढलेला. एकेकाला नावानिशी वेगळा. ब्रॉडकास्ट यादी करून पाठवलंत तर ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला नाही त्यांना तो पोचतच नाही, आणि तुम्हाला ते कळतही नाही. बाकी सगळ्यांना शुक्रवारी संध्याकाळी आठवणीचे दोन शब्द पाठवायचं काम मुलीकडे द्या.

पत्रिका वसुबारसेच्या आधीच्या शनिवार-रविवारी वाटा. त्यानंतर निम्मी सोसायटी गावी जाते, आणि लक्ष्मीपूजनाच्या धांदलीत दिलेली पत्रिका फ्रिजवर ठेवून विसरली जाते. सासूबाईंना बरोबर घेऊन दारात जा. कुंकवाची कुयरी न्यायची त्यांची पद्धत असेल तर जरूर न्या, आणि घरात विधवा बाई असेल तर तिलाही लावा. एका दारात लावून पुढच्या दारात कुयरी झाकणं आता शोभत नाही. ‘येणार ना?’ तिथेच विचारून यादीवर आकडा मांडा. आपल्याकडे कळवा म्हटलं तर कुणी कळवत नाही, समोर विचारलं तर सांगतात.

जाऊबाईंचा काजूकतलीचा डबा: त्याला उत्तर द्यायची गरज नाही. तो त्यांच्या घरचा खर्च होता, तुमच्यावरचं कर्ज नव्हे. त्यांची पत्रिका सासूबाईंच्या हातूनच द्या. सासूच्या अक्षरातली पत्रिका सासूनं आणून दिली की त्या काजूकतली काढतील असं मला वाटत नाही. काढलीच तर ‘यंदा आईंनी लिहायचं ठरवलं’ एवढं पुरे, आणि ते खरंही असेल.

नोकरीबद्दल कुणाला कधी सांगायचं हे तुमचं आणि त्यांचं. पत्रिकेतून ते फुटणार नाही. मात्र एक सुचवते: वाटायला जाताना किंवा गच्चीवर, तेही बरोबर असू देत. घरी बसलेला माणूस लोकांपुढे यायचा टाळला की शंका त्यानं येते. शिवाय साठ घरांत कुणाच्या तरी ऑफिसात जागा असू शकते, आणि ते विचारायला दुधाचा पेला हातात असताना बरं पडतं.

उरलेल्या सात-आठ पत्रिका फेकू नका. त्या कोऱ्याच राहू देत, आयत्या वेळी राहायला आलेलं भाडेकरू कुटुंब, वॉचमन, कामवाल्या मावशी यांच्यासाठी. आणि मूळ प्रतीवर वार-तारखेची ओळ लिहूच नका, ती वेगळ्या चिटोऱ्यावर लिहून चिकटवा. मूळ प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवलीत तर पुढच्या वर्षी फक्त तो चिटोरा बदलायचा.